राखणदाराला नंबर लावला

टेम्पो स्टॅन्डवर किस्से कोणी मुद्दाम करत नाय. भाडं आलं तर माणूस निघून जातो, नाय आलं तर बसून राहतो. अन् चार माणसं रिकामी बसली की किस्सा आपोआप शेजारी येऊन बसतो. सगळे सांगत बसलो तर तुमचा चहा गार होईल. म्हणून फक्त त्या जनावराचे सांगतो. ते जनावर आमच्या स्टॅन्डवर आठवडाभर बसून होतं, अन् कोणाला दिसलं नाय.

आमचा स्टॅन्ड नाशकात, पंचवटीच्या अंगाला. छोटे टेम्पो एका लायनीत उभे. मी आता गाडी चालवत नाय, डोळे कमजोर झाले. गाडी पोरगा चालवतो अन् मी बाकड्यावर बसून नंबर पुकारतो. ज्याचा नंबर, त्याचं भाडं. मधे घुसला तर त्यानं अख्ख्या स्टॅन्डला चहा पाजायचा. एवढंच काम हाय मला. उरलेला वेळ मी लोकांना छळतो.

* * *

स्टॅन्डच्या टोकाला, भिंतीजवळ, आमचा म्हसोबा हाय. शेंदूर लावलेला दगड, वर पत्रा. शेजारी लताबाईची चहाची गाडी.

तर आमचा रफिक रोज सकाळी त्या म्हसोबापुढं जाऊन उभा राहायला लागला. रफिक म्हणजे स्टॅन्डवरचा सगळ्यात गंभीर माणूस. पन्नाशी पार, दाढीचे खुंट पिकलेले, हॉर्न पण लाजून वाजवणारा. मान खाली, दोन्ही हात छातीजवळ, ओठ हलतायत.

लताबाईला गहिवरून आलं. ती नारळाचा तुकडा घेऊन गेली अन् म्हणली, "रफिकभाऊ, किती दिवस बघते मी. मनातलं बोलून टाका. आमचा म्हसोबा जात विचारत नाय."

रफिकच्या हातात फोन होता. फोनात तीन पायांचा एक निळा बेडूक होता अन् रफिक त्याला पकडत होता. तो प्राणी पकडायचा गेम नाय का, पोरं रस्त्यानं फोन धरून हिंडतात, तो. अन् गेमवाल्यांनी आमच्या म्हसोबालाच अड्डा करून ठेवलेला.

आता बाईला सांगणार काय? त्यानं फोन गपकन खिशात घातला, खोबरं घेतलं, हात जोडले.

माझ्याजवळ येऊन म्हणला, "नाना, बेडूक गेला. खोबरं घे."

* * *

आता तुम्ही म्हणाल, पन्नाशीचा माणूस बेडूक कशाला पकडतो? मी पण तेच म्हणलं, अन् दिवसभर त्याच्याकडं बघून डरावडराव करत बसलो. शेवटी त्यानं मला बाजूला घेतलं.

गेम त्याच्या फोनात पोरीनं टाकून दिला होता. नाझनीन. कॉलेजात होती तेव्हा बापाचा फोन घेऊन खेळायची, मग बापालाच शिकवलं. पुढं रफिकनं मालेगावला बायकोच्या नात्यातलं स्थळ बघितलं अन् पोरीनं पुण्याला औषधाच्या कंपनीत नोकरी बघितली. घरात लय वाजलं. रफिक म्हणला, "गेलीस तर परत येऊ नको." गंभीर माणूस एकदाच ओरडला, अन् तेच नेमकं पोरीनं ऐकलं. गेली. वर्ष होऊन गेलं, आली नाय. आईशी बोलते. बापाला फोन नाय, बापाचा पण तिला नाय.

पण गेममध्ये एकमेकाला रोज एक पुडकं पाठवता येतं. ते चालू होतं. सकाळी तिचं पुडकं यायचं, हा उघडायचा, अन् आपलं पाठवायचा.

मी म्हणलं, "अन् आत चिठ्ठी?"

"त्यात बोलता येत नाही नाना," रफिक म्हणला. "म्हणून तर चालू आहे."

त्यानंतर मी डरावडराव बंद केलं. दुसरं काहीतरी सुरू केलं.

* * *

एका सोमवारी बंडू ओरडत आला. बंडू आमचा ग्रॅज्युएट. टेम्पोच्या मागं 'बी.ए.' लिहून घेतलंय, पोट असं की स्टेअरिंगला वेगळा हॉर्न लागत नाय. तो पण गेम खेळतो.

"चाचा, राखणदार आला," तो रफिकला म्हणला. "आपल्या म्हसोबावर. रविवार संध्याकाळपर्यंत."

राखणदार म्हणजे त्या गेममधलं सगळ्यात मोठं जनावर. खरं नाव परदेशी हाय, आमच्या जिभेला झेपत नाय. बंडूनं फोन दाखवला. कासवाची पाठ, त्यावर गवत, डोक्यावर मोरासारखा तुरा, शेपूट मगरीचं, अन् तोंड डिट्टो माझ्या सासऱ्याचं. तसंच बघत होता, की हुंडा मागशील तर याद राख.

बंडूनं वाचून दाखवलं की या गेमचे लय भाग हायेत, जुन्या मशिनीवरचे पण. प्रत्येक भागात हा राखणदार कशाची तरी राखण करतो. एकात तळं, एकात डोंगर, एकात बुडालेलं गाव. लायक माणसालाच सापडतो.

"मग आपल्या स्टॅन्डवर कशाला आला?" मी म्हणलं. "इथं राखायला हाय काय? बंडूचा डबा?"

सगळे हसले. रफिक नाय हसला. तो हळूच म्हणला, "नाझनीननं शाळेपासून सगळे भाग खेळलेत. सगळी जनावरं आहेत तिच्याकडं. हा एकच नाही."

"मग पकड अन् दे पाठवून."

"असा पाठवता येत नाही नाना. अदलाबदल करायला दोन फोन जवळ लागतात. हाताला हात लागेल इतके."

"म्हणजे?"

"म्हणजे तिला यावं लागेल."

एवढं बोलून तो टेम्पोचा आरसा पुसायला लागला. आरसा स्वच्छच होता.

* * *

आता राखणदाराला आधी लढून दमवायचं, मग गोळा फेकून पकडायचा. खेळणारे पाचसहा जण होते. सगळे एकदम म्हसोबापुढं घुसले, धक्काबुक्की, लताबाईचं दूध सांडलं.

मी उठलो. स्टॅन्ड हाय का बाजार? एकदा दोघा ड्रायव्हरनी एकच फ्रीज दोन बाजूंनी उचलला होता. फ्रीज राहिला रोडवर अन् दोघं गेले दवाखान्यात. तेव्हापासून आमच्याकडं नंबर म्हणजे नंबर.

"लाइन लावा," मी म्हणलं. "ज्याचा नंबर त्यानं मारायचं. बाकीच्यांनी बोट लावायचं नाय."

बंडू म्हणला, "नाना, इथे लिहिलंय की याला जास्त माणसं लागतात."

"हायेत की. लायनीत उभी हायेत."

मग सुरू झालं. एक जण जायचा, बोटं आपटायचा, राखणदार शेपूट मारायचा, खेळ खलास. दुसरा जायचा. तोपर्यंत जनावराची ताकद परत फुल. मंगळवार गेला, बुधवार गेला. अख्खा स्टॅन्ड हरला.

बुधवारी बंडूनं रफिकचा नंबर चालू असताना गुपचूप दोन बोटं मारली. मी पकडलं. चहा पाजायला लावला सगळ्यांना.

रफिक मला म्हणला, "नाना, तेवढ्या दोन बोटांनी राखणदार थोडा हलला होता."

"हलेल नायतर काय," मी म्हणलं. "लाइन तोडलेली त्याला पण आवडली नसंल."

* * *

आमचा काशिनाथ गेम खेळत नाय. सुरगाण्याकडचा, डोंगरातला. स्टॅन्डवर हमालीला असतो अन् भात लावायला गावी जातो. तीन दिवस त्यानं हा तमाशा बघितला. गुरुवारी म्हणला, "राखणदाराला इचारलं का कोणी?"

"काय विचारायचं?"

"येतो का म्हणून. आमचे इकडं वाघदेवाला इचारल्याशिवाय कोणी रानातलं गवत कापत नाय. तुम्ही तं सरळ हाणायलाच लागले."

सगळ्यांनी फोन खाली केले. बी.ए.नं पण. काशिनाथनं म्हसोबाच्या दगडाला पाणी लावून दोन फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर राखणदार येणार. डावं पडलं तर नाय. म्हणला, "आता कोणी हात लावू नका."

तासभर सगळे दगडाकडं बघत बसले. भाडं आलं, कोणी उठंना. वारं सुटलं, फुलं हलंनात. रफिकची तर पापणी लवली नसंल.

तेवढ्यात मागच्या वस्तीतला बोकड आला. शांतपणे म्हसोबाजवळ गेला अन् दोन्ही फुलं खाऊन टाकली.

बंडू म्हणला, "बोकडानं देवाचा निकाल खाल्ला."

रफिकचा चेहरा पडला. काशिनाथनं लय वेळ विचार केला. मग म्हणला, "पण उजवं आधी खाल्लं."

* * *

शुक्रवारी मला राहवलं नाय. समोरच्या सलूनमध्ये रफिक दाढी करायला बसला होता. मी बाहेरून आवाज दिला, "रफिक, राखणदार उठला रे, चालला."

रफिक गळ्यात टॉवेल अन् एका गालाला फेस घेऊन रोड ओलांडून आला. म्हसोबापुढं फोन काढून उभा. जनावर जिथल्या तिथं होतं. मी बाकड्यावर पोट धरून पडलो होतो.

त्याच टायमाला द्राक्षाच्या क्रेटचं भाडं आलं, पिंपळगाव बसवंतला पॅकहाऊसला पोचवायचं. नंबर रफिकचा. मी म्हणलं, "जा बाबा, दाढी पुरी कर. नंबर राखतो."

तो मला ओळखून हाय. "तुझ्यावर भरवसा नाही," म्हणला, अन् गेला तसाच. एक गाल गुळगुळीत, एक गाल पांढरा.

पिंपळगावला बायका द्राक्षं निवडायला बसलेल्या असतात. खराब मणी कात्रीनं काढायचे, घड साफ करायचा. त्यातल्या एकीनं रफिककडं बघितलं अन् शेजारणीला म्हणली, "अगं, हा घड अर्धाच निवडलाय कोणीतरी."

रफिक परत आला तो कोणाशी बोलला नाय. तसाच लायनीत जाऊन उभा राहिला, राखणदाराच्या.

* * *

बंडूनं त्या लायनीचा व्हिडिओ काढून स्टेटसला टाकला. वर लिहिलं, 'जागृत देवस्थान'. तो रफिकच्या बायकोनं बघितला. तिनं पोरीला पाठवला.

शनिवारी सकाळी रफिक माझ्याजवळ आला. हातात फोन. दोन्ही हातांनी धरलेला, अंगापासून लांब. मला वाटलं कोणीतरी गेलं.

"नाना, नाझनीनचा मेसेज आहे."

"काय म्हणते?"

त्यानं वाचला. "अब्बू, एकेक करून तो कधीच हरत नाही. सगळ्यांनी एकदम मारायचं असतं. आणि दाढी पूर्ण करा."

मी म्हणलं, "मला वाचता येत नाय रे, परत वाच."

त्यानं परत वाचला. मी म्हणलं, "कान पण गेलेत. अजून एकदा." त्यानं अजून एकदा वाचला. मग लताबाईनं ऐकला. काशिनाथनं ऐकला. बंडू ग्रॅज्युएट, त्याला स्वतःला वाचता येतं, पण त्यानं पण रफिककडूनच वाचून घेतला.

दुपारपर्यंत तो मेसेज अख्ख्या स्टॅन्डला पाठ झाला होता.

* * *

रविवार आला. शेवटचा दिवस. मी बाकड्यावर उभा राहिलो अन् म्हणलं, "आज नंबर नाय. सगळे एकदम."

कोणी हलेना. सगळे माझ्याकडं बघतायत, की हा म्हातारा आता काय खोडी काढतोय. माझं आयुष्य असं गेलंय की खरं बोललो तर लोक घाबरतात. शेवटी लताबाई म्हणली, "चला रे, मी बघते नानांकडं," तेव्हा सगळे गोळा झाले.

मोजले तर एक माणूस कमी. बंडू म्हणला, "सहा जण पाहिजेत. पाचच आहेत." सहावा खेळणारा माझा पोरगा, तो भाड्यावर सिन्नरला गेलेला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. शर्ट इनमध्ये, खिशाला पेन. त्याला कपाट हलवायचं होतं, सिडकोला. म्हणला, "टेम्पो मिळेल का?"

मी म्हणलं, "मिळेल. फोन हाय का?"

त्याला वाटलं नंबर देतोय. त्यानं फोन काढला. बंडूनं तो हातातून घेतला अन् गेम टाकून पण दिला.

"अहो, हे काय करताय? मला हे येत नाही."

"मला पण येत नाय," मी म्हणलं. "हिरवं दिसंल तिथं बोट आपटा. कपाट कुठं पळून चाललं नाय."

सहा माणसं म्हसोबापुढं गोल करून उभी राहिली अन् बोटं आपटायला लागली. रोडनं जाणारी एक बाई चप्पल काढून मागून पाया पडून गेली. राखणदारानं शेपूट मारलं, तुरा फुलवला, एकाची बॅटरी संपत आली, लताबाईनं चहाच्या गाडीवरून वायर ओढली. अन् राखणदार बसला. पहिल्यांदा खाली बसला.

आता गोळे फेकायचे. ज्याचे त्यानं, ज्याच्या त्याच्या फोनात वेगळा राखणदार. बंडूचे सगळे वाया गेले. बाकीच्यांचे गेले. गिऱ्हाइकानं चुकून बोट फिरवलं अन् पहिल्याच गोळ्याला राखणदार त्याच्या फोनात.

"हे काय झालं?" तो म्हणला. "आणि माझं कपाट?"

रफिकच्या फोनात एकच गोळा राहिला होता. बोट हवेत, खाली येईना. काशिनाथ पुढं झाला, म्हसोबापुढं नारळ ठेवला अन् फोनला नाय, दगडाला म्हणला, "पोरगी यायचीय त्याची. जाऊ दे ना आता."

रफिकनं डोळे मिटून बोट फिरवलं.

डोळे त्यानं उघडलेच नाय. आम्हीच सांगितलं.

* * *

रफिकनं पोरीला राखणदाराचा फोटो पाठवला. उत्तर आईच्या फोनवर आलं. शनिवारी येते, थेट स्टॅन्डवर. अदलाबदल करून संध्याकाळच्या गाडीनं परत. घरी येणार नाही.

रफिकनं शनिवारी टेम्पो दोनदा धुतला. दाढी पुरी केली होती. बंडूनं बाकडं पुसलं, मला उठवून पुसलं. नाझनीन रिक्षातून उतरली, खांद्याला बॅग. बापासारखीच गंभीर. मला सलाम केला, लताबाईला केला. बापापुढं उभी राहिली अन् जमिनीकडं बघायला लागली. बाप टायरकडं.

मला म्हणली, "नाना, अब्बूंना सांगा, फोन जवळ आणा."

रफिक मला म्हणला, "नाना, तिला सांग, आधी चहा घे."

"नाना, सांगा, मला गाडी आहे."

"नाना, सांग, गाडीला वेळ आहे."

मी मधे. दोघांच्या मधे हातभर पण जागा नाय. म्हणलं, "मला पुकारायची सवय हाय, पण नंबर तरी सांगा कोणाचा चाललाय."

शेवटी दोघांनी फोन पुढं केले. शेजारी शेजारी, हाताला हात लागेल इतके. नाझनीननं तिच्या बाजूचं बटण दाबलं. आता फक्त रफिकनं दाबायचं होतं. दाबलं की राखणदार तिचा, अन् ती मोकळी.

रफिकचं बोट बटणावर गेलं. थांबलं. मग त्यानं फोन वर उचलला, उलटा केला, हलवला.

"रेंज नाही," तो म्हणला.

बंडू म्हणला, "काय सांगता चाचा, माझी तर फुल—"

लताबाईनं त्याच्या तोंडात अख्खा बटाटावडा घातला.

रफिक म्हणला, "नाना, तिला सांग, कधीकधी येत नाही रेंज. आज येईल, उद्या येईल. आपल्या हातात नाही."

मी मान वर केली. आमच्या भिंतीला लागून, म्हसोबाच्या बरोबर मागं, मोबाईलचा टॉवर हाय. इतका जवळ की त्याची सावली रफिकच्या टेम्पोवर पडली होती.

नाझनीननं पण मान वर करून टॉवरकडं बघितलं. मग बापाकडं बघितलं. मग स्वतःच्या फोनकडं, बराच वेळ.

मग तिनं फोन पर्समध्ये टाकला अन् मला म्हणली, "नाना, माझ्या पण फोनला रेंज नाही. ही बॅग कुठं ठेवू?"